हिरव्या गोळ्यांचा आडोसा

मंजुषा कर्णिकला ती गाठ लागली एप्रिलमधल्या एका साध्या सकाळी, आंघोळ करताना. डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी बोटांखाली आलं. तिने हात काढून घेतला. पुन्हा लावला. दाणा तिथेच होता. कोमट पाणी अंगावरून वाहत राहिलं आणि तिची पावलं मात्र गार पडली.

बाहेर सुरेशची गडबड चालली होती. "मंजू, माझा साइटचा पास बघितलास का? यल्ला, चल इरा, शाळेची बस निघून जाईल."

"फ्रिजवर आहे," ती आतून म्हणाली. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

२००२ सालची ही गोष्ट. कर्णिक कुटुंबाला अबू धाबीत येऊन आठेक वर्षं झाली होती. सुरेश एका बांधकाम कंपनीत इंजिनियर, साइट शहराबाहेर मुसाफ्फाला. मुलगी इरा नववीत. हमदान स्ट्रीटच्या मागच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट, खाली लेबनीज बेकरी, शुक्रवारी सुट्टी, उन्हाळ्यात भारतात एक फेरी. चारचौघांसारखं सुखाचं घर.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, गाठ लागली तर त्यात एवढा विचार कसला? सरळ डॉक्टरकडे जायचं. मंजुषाही दुसऱ्या कुणाला हेच सांगती. ती एम. कॉम. झालेली, घरात इंग्रजी पेपर येणारा, अडाणी म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण, सगुणाताई, छातीतल्या अशाच गाठीने गेली होती. मिरजेच्या दवाखान्यात ताईच्या उशाशी मंजुषा तीन आठवडे बसली होती. ताईचे ओठ सुकलेले, केस गेलेले, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "चांगली हिंडतीफिरती होती हो. कात्री लागली आणि पसरलं."

ते वाक्य मंजुषाच्या मनात रुतून बसलं होतं. गाठ लागताक्षणी तेच वर आलं. त्याच्या पाठोपाठ बाकीचं. आजारी बायको घेऊन सुरेश इथे नोकरी कशी करणार? कंपनीला कळलं तर? परत जावं लागलं तर इराची शाळा? सांगितलं की हे सगळं खरं होईल, आणि नाही सांगितलं तर कदाचित नुसता दाणाच राहील, असं काहीतरी तिच्या मनाने त्या सकाळी ठरवून टाकलं. तिने केस पुसले, डबा भरला आणि इराला लिफ्टपर्यंत सोडून आली.

त्याच आठवड्यात छाया सबनीसकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. छाया ही मंजुषाच्या भिशीतली मैत्रीण. बोलकी, हौशी, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारी. गेल्या वर्षभरापासून तिने एका परदेशी कंपनीच्या गोळ्यांची एजन्सी घेतली होती. आंब्याची डाळ आणि पन्हं झाल्यावर तिने एक सफरचंद कापून दोन बशांत ठेवलं. एका फोडीवर लिंबू पिळलं, दुसरी तशीच. बायकांच्या गप्पा संपेपर्यंत दुसरी फोड तपकिरी पडली.

"बघितलंत?" छाया म्हणाली. "आपल्या शरीरात आत असंच चाललेलं असतं. फ्री रॅडिकल्स म्हणतात त्यांना. आपल्या पेशी गंजवतात. बीपी, शुगर, कॅन्सर, सगळ्याचं मूळ तिथे. आणि त्याला उतारा म्हणजे अँटिऑक्सिडंट्स." तिने हिरवी बाटली वर धरली. "रोझमेरी, ओरेगानो, सेज आणि झातर. केमिकल काही नाही, सगळा पालाच आहे. झातर तर लेबनीज बेकरीत रोटीवर तेलात कालवून लावतात तोच. त्याचा अर्क काढून गोळीत भरलाय. एकशेवीस दिरहॅम, म्हणजे आपले पंधराशेच्या वर जातात, कबूल आहे. पण केमोला किती जातात?"

कुणीतरी हसलं. मंजुषा हसली नाही. छायाने कॅन्सर म्हटलं, केमो म्हटलं, आणि दोन्ही वेळा तिचा हात आपोआप पदराकडे गेला. निघताना तिने दोन बाटल्या घेतल्या.

सुरुवातीला ती सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेई. मग दोन-दोन. बाटली तिने स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात, रव्याच्या डब्यामागे ठेवली होती. गोळी गिळली की ढेकरेला झातरचा उग्र वास यायचा, घशाशी जळजळायचं, पण त्या जळजळीनेही तिला धीर यायचा. काहीतरी चाललंय आत, लढतंय. रोज आंघोळीच्या वेळी ती बोटांनी चाचपून बघे. कधी वाटे, लहान झाली. कधी वाटे, तेवढीच आहे. वाढली, असं तिने स्वतःला कधीही म्हणू दिलं नाही.

त्या उन्हाळ्यात भारतात जायचं तिने टाळलं. "गर्दी असते, तिकिटं महाग असतात," ती म्हणाली. खरं कारण म्हणजे आई. आई नुसत्या चेहऱ्यावरून ओळखती. सुरेशने जवळ घेतलं की ती कूस बदलायची, डोकं दुखतंय म्हणायची. त्याने एकदा विचारलंही, "मंजू, माझं काही चुकलंय का?" तेव्हा तिला इतकं रडू आलं की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. टीव्हीवर त्या रोगाची बातमी लागली की ती उठून जायची. इरा हल्ली फार गप्प झाली होती, जेवताना आईकडे टक लावून बघत राहायची, हे मंजुषाच्या लक्षात आलं होतं. पण वयात येणाऱ्या मुली अशाच असतात, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. बाटल्या लवकर संपतात असंही तिला वाटे. आपणच भीतीपोटी जास्त घेत असू, आणखी काय?

सप्टेंबर उजाडला तेव्हा दाणा बोराएवढा झाला होता. आता स्वतःला फसवणंही जमेना.

चौथ्या मजल्यावर हेमाताई दीक्षित राहत. पन्नाशीच्या, एकट्या, एका अन्नतपासणीच्या लॅबमध्ये केमिस्ट. तेलं, मसाले, मध, बाजारात येणारं काय काय त्या तपासत. मंजुषा एका संध्याकाळी बाटली पिशवीत घालून त्यांच्याकडे गेली.

"हेमाताई, हे तुमच्या लॅबमध्ये बघता येईल का? असली आहेत की नाही ते?"

हेमाताईंनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "असली असतीलही. पण तुला शंका का आली?"

"माझी एक मैत्रीण घेते. तिला गुण येत नाहीये. म्हटलं, डोस कमी पडतोय की काय."

"काय होतंय तिला?"

"गाठ आहे. इथे." तिने हात अर्धवट वर केला आणि खाली घेतला. "छोटीशीच आहे."

हेमाताईंचा चहा उकळत होता. त्यांनी गॅस बंद केला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"गेली नाही अजून. म्हणते, आधी हे करून बघू. नॅचरल आहे ना, फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही."

हेमाताई तिच्यासमोर येऊन बसल्या. "हे बघ, तुझी मैत्रीण सगळंच खोटं धरून बसलेली नाही. या पाल्यात अँटिऑक्सिडंट्स असतात, ते खरं आहे. मी स्वतः मोजलेत. तेलात रोझमेरीचा अर्क घातला की तेल लवकर खवट होत नाही, हे माझ्या डोळ्यांनी रोज बघते. पण ते बाटलीतलं तेल आहे. माणसाचं शरीर बाटली नाही. पोटात गेल्यावर त्या अर्काचं काय होतं, किती रक्तात उतरतो, किती तसाच बाहेर पडतो, हे अजून नीट कुणाला ठाऊक नाही."

"पण लिंबू पिळलेलं सफरचंद काळं पडत नाही, मी बघितलंय."

"लिंबू सफरचंदावर पिळलं होतं, मंजुषा. सफरचंदाला खायला घातलं नव्हतं." हेमाताई क्षणभर थांबल्या. "फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या माणसांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या. गाजरात असतं ते. तेही अँटिऑक्सिडंटच. सगळ्यांना खात्री होती की फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल. झाला उलट जास्त. याचा अर्थ गाजर वाईट असा नाही. कोशिंबीर खा, झातर खा, पुदिना, कोथिंबीर, ओवा, हवं ते घाल जेवणात. ते अन्न आहे. त्याचाच अर्क आटवून, दाबून गोळीत भरला की ते अन्न राहत नाही. मग किती, कुणाला आणि कशासाठी, हे विचारावंच लागतं. आणि झालेली गाठ विरघळवण्यासाठी म्हणशील, तर त्याला काडीचा पुरावा नाही."

खिडकीबाहेर मगरीबची, संध्याकाळच्या नमाजाची अजान सुरू झाली.

"मैत्रिणीचं नाव काय?" हेमाताईंनी हळूच विचारलं.

मंजुषा बाटली परत पिशवीत घालायला लागली. हेमाताईंनी तिचा हात हातात घेतला.

"ताईला कात्री लागली आणि पसरलं, हेमाताई," शेवटी मंजुषा म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय."

"ताईने किती दिवस सांगितलं नव्हतं?"

मंजुषाला ते आठवायचं नव्हतं. पण आठवलं. ताई दीड वर्ष ब्लाऊजच्या आत कापूस ठेवत होती. जखम वाहायला लागली तेव्हा घरात कळलं.

"मग तिला कात्रीने नेलं की उशिराने?" हेमाताई म्हणाल्या. "दवाखान्यात पोचली तेव्हा ते आधीच पसरलेलं होतं. कात्री शेवटी आली म्हणून लोकांनी खापर कात्रीवर फोडलं. तू औषध घेत नाहीयेस, बाळ. तू आडोसा घेतेयस. या गोळ्यांच्या मागे लपलीयस. आणि तो रोग काही तुला शोधत बाहेर हिंडत नाही, तो तुझ्या बरोबरच आडोशाला आलाय."

हेमाताईंनी तिथल्या तिथे एका ओळखीच्या लेडी सर्जनची वेळ घेतली. मंगळवारी सकाळी. "मी रजा काढते, आपण दोघी जाऊ." मंजुषा म्हणाली, नको, मी जाईन, खरंच जाईन.

मंगळवारी ती टॅक्सीत बसलीही. दवाखान्याचं नाव सांगितलं. दोन सिग्नल गेले आणि मिरजेचा दवाखाना तिच्या डोळ्यांसमोर आला. ताईचे सुकलेले ओठ, बाहेरच्या बाकावरच्या बायका. "भैया, कॉर्निश ले लो," ती म्हणाली. समुद्रासमोर उन्हात ती दुपारपर्यंत बसून राहिली. पर्समध्ये मोबाइल वाजत होता, हेमाताईंचा. तिने घेतला नाही. घरी जाऊन तिने चार गोळ्या एकदम गिळल्या.

आणि त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी ते झालं.

दुपारची जेवणं झाली होती. सुरेश सोफ्यावर आडवा झाला होता. बाथरूममधून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मंजुषा धावली. इरा फरशीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, ओठ पांढरेफटक, घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिला उलट्या होत होत्या आणि उलटीचा रंग हिरवट होता. एक वास सगळीकडे भरला होता. मंजुषाने तो वास ओळखला. महिनोन्महिने तो तिच्याच घशाशी येत होता.

"इरा, काय खाल्लंस? इरा, बोल ना."

इराला बोलता येत नव्हतं. तिने पोट घट्ट धरलं होतं. सुरेशने तिला उचलून गाडीत घातलं. रस्त्यावर शुक्रवारची शांतता होती, तरी तो प्रत्येक सिग्नलला हॉर्न वाजवत होता. मागच्या सीटवर मंजुषा लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मनात एकच चाललं होतं, देवा, मला ने, हिला काही करू नकोस.

इमर्जन्सीत डॉक्टर जहूर होते, हैदराबादचे, पिकलेल्या दाढीचे. नर्सने सलाईन लावलं, रक्त घेतलं. डॉक्टर इराजवळ वाकले. "बेटा, घबराओ मत। सच सच बताओ, क्या खाया?"

इराने डोळे मिटले. "मम्माज कॅप्सूल्स. द ग्रीन वन्स."

"कितने?"

"आय डोन्ट नो. अ हँडफुल. आय टेक देम एव्हरी डे, बट टुडे आय टुक मोर."

सुरेशला काही कळेना. "कसल्या कॅप्सूल? मंजू, ही काय म्हणतेय? आणि का गं घेतल्यास तू, इरा?"

इरा रडायला लागली. "बिकॉज मावशी डाइड. अँड मम्मा हॅज इट टू. आय सॉ हर इन द मिरर. शी टचेस इट एव्हरी डे. इट रन्स इन फॅमिलीज, डॅडी. सो आय थॉट... आय थॉट आय शुड स्टार्ट अर्ली."

सलाईनचे थेंब पडत होते. सुरेश हळूच बायकोकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो नुसता घाबरलेला होता. त्याला असं घाबरलेलं मंजुषाने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

केवढी मोठी चूक! ज्या लेकीला त्रास नको म्हणून तिने तोंड शिवून घेतलं होतं, त्या लेकीने तिची भीती कधीच उचलली होती, आणि भीतीवरचा तिचा तो इलाजही. घरात आपण काही सांगितलं नाही म्हणजे मुलांना कळत नाही, असं आपण धरून चालतो. मुलं ऐकत नसतात तेव्हा बघत असतात.

"मला गाठ आहे, सुरेश," मंजुषा म्हणाली. "एप्रिलपासून."

एवढं बोलायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता. बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं तसं आभाळ कोसळलं नाही. सुरेशने फक्त पलंगाची कड घट्ट धरली.

संध्याकाळी रिपोर्ट आले. इराच्या पोटाला आतून सूज आली होती, लिव्हरचे आकडे जरासे वाढलेले होते. डॉक्टर म्हणाले, लहान वय आहे, गोळ्या बंद केल्या की सगळं ताळ्यावर येईल, दोन दिवस ठेवून घेऊ. मग त्यांनी मंजुषाला बाजूला बोलावलं. बाटली त्यांच्या हातात होती, सुरेश घरून घेऊन आला होता.

"मैडम, लोग दवा लेते हैं तो डॉक्टर को बताते हैं। ये लेते हैं तो नहीं बताते। कहते हैं, हर्बल है, सिर्फ पत्ता है। पत्ते से ही तो आधी दवाएँ बनी हैं।" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "बेटी तो दो दिन में ठीक हो जाएगी, इन्शाल्ला। आप कब दिखाएँगी?"

"कल," मंजुषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. एका बाजूला सुरेश होता, दुसऱ्या बाजूला हेमाताई. भीती गेली होती असं नाही. मॅमोग्राफी झाली, आणि गाठीतला नमुना काढायला सुई टोचायची वेळ आली तेव्हा तिने सर्जनबाईंचा हातच धरला. "इससे फैलेगा तो नहीं?" त्या बाई केरळच्या होत्या, त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं. त्यांनी हात सोडवून न घेता सांगितलं, "नो, मैडम. सुई से नहीं फैलता. देर से फैलता है."

निकाल वाईट होता, पण सगळ्यांत वाईट नव्हता. कॅन्सर होता. काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत पोचला होता, पण त्यापुढे गेलेला नव्हता. "एप्रिलमध्ये आले असते तर?" मंजुषाने विचारलं. डॉक्टरबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. कदाचित काखेपर्यंत गेलाच नसता, त्या म्हणाल्या, कदाचित केमो लागली नसती. पण आताही हातातलं आहे.

सुरेश दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तो म्हणाला, "तुझ्या भीतीत मला जागा नव्हती का गं?" मंजुषाने त्याच्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

आणि ज्या कंपनीला ती एवढी भ्याली होती? सुरेशच्या साहेबांनी ऐकून घेतलं, रजेवर सही केली आणि म्हणाले, "आधी बायकोकडे बघा, बिल्डिंग कुठे पळून जात नाही." इन्शुरन्सने बराचसा खर्च उचलला, उरलेला घरातून गेला. ज्या राक्षसाला मंजुषा महिनोन्महिने घाबरली होती, तो ऑफिसच्या एका खोलीत थोड्याच वेळात निकालात निघाला. पण हे कळायला आधी सांगावं लागतं.

ऑपरेशन झालं. केमो सुरू झाली. ते दिवस सोपे नव्हते आणि सोपे होते असं इथे लिहिणार नाही. केस गेले तेव्हा इराने आईच्या डोक्याला रुमाल बांधून दिला आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "आई, तुला भीती वाटते का?"

"वाटते," मंजुषा म्हणाली. "तुला?"

"खूप."

"मग आपण दोघी मिळून घाबरू. लपून नको."

तिसऱ्या केमोनंतर एक दिवस छाया आली. बरेच दिवस ती आली नव्हती. दारात उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येईना इतका उतरला होता. बसल्या बसल्या तिने विचारलं, "मंजुषा, माझ्या गोळ्यांमुळे झालं का हे?"

"नाही गं. गाठ आधीच होती."

"पण इराला..."

"इराला त्रास झाला तो गोळ्यांमुळे, आणि माझ्यामुळे. त्या मी घरात आणल्या, मी लपवून खाल्ल्या, तिने बघितलं." मंजुषाने श्वास घेतला. आताशा बोलतानाही धाप लागायची. "तुझ्या गोळ्यांनी मला कॅन्सर दिला नाही, छाया. त्यांनी माझा वेळ खाल्ला. मला वाटत राहिलं की मी काहीतरी करतेय. काहीच केलं नसतं तर कदाचित मी लवकर घाबरून धावले असते."

छाया मान खाली घालून बसली होती. मंजुषाला वाटलं होतं की ती बाजू मांडेल, कंपनीची माहितीपत्रकं काढेल. तिने तसं काही केलं नाही.

"मी रोज सहा घेते," ती म्हणाली. "तुला माहीत नाही, माझी आई याच रोगाने गेली. मी अकरावीत होते. तेव्हापासून मी कधी डॉक्टरकडे छाती दाखवली नाही. ताप आला तरी लेडी डॉक्टर नको म्हणते, न जाणो तिने तपासलं तर. लोकांना वाटतं, मी पैशांसाठी विकते. मला स्वतःलाच ते इतकं खरं वाटायला हवं होतं ना, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले."

मंजुषा तिच्याकडे बघतच राहिली. हळदीकुंकवाला हसतखेळत सफरचंद कापणारी ही बाई. म्हणजे तिथे त्या दिवशी घाबरलेल्या दोघी होत्या. एक विकत होती, एक विकत घेत होती, आणि मधे ती बाटली होती. आणखी किती जणी होत्या कोण जाणे.

"उद्या माझी रक्ततपासणी आहे," मंजुषा म्हणाली. "त्याच मजल्यावर मॅमोग्राफी होते. तू माझ्याबरोबर येतेयस."

"मला नाही जमणार."

"मलाही जमलं नव्हतं. मी कॉर्निशवर जाऊन बसले होते. म्हणून तर तुला एकटीला पाठवत नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्या दोघी दवाखान्याच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसल्या. छाया पर्सची चेन उघडत-मिटत होती. नर्सने नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि तिची नजर मागच्या दरवाजाकडे गेली. ती नजर मंजुषाला पाठ होती.

"खूप भीती वाटतेय गं," छाया पुटपुटली.

"वाटू दे. घाबर, पण आत जा. मी इथेच बसलेय."

छाया आत गेली.

त्या दिवशी तिच्या तपासणीत काही निघालं नाही. दर वर्षी येत जा, एवढंच सांगून डॉक्टरबाईंनी तिला सोडलं. बाहेर येऊन ती मंजुषाच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली. एजन्सी तिने त्याच महिन्यात सोडली. पुढल्या भिशीला ती गोळ्यांबद्दल काही बोलली नाही, तिने सगळ्यांना फक्त विचारलं, "तुमच्यापैकी कोणकोण तपासून आलंय?" कुणीच हात वर केला नाही. मग छाया म्हणाली, चला, गट करून जाऊ.

वाचकहो, पाला वाईट नाही. जेवणात तो असावाच, चवीला आणि तब्येतीलाही. पण अंगात काही दुखतं-खुपतं तेव्हा बाटलीच्या आड बसू नका, आणि जे काही घेत असाल, ते झाडाचं असो की कारखान्याचं, डॉक्टरपासून लपवू नका. भीती वाटणं हा गुन्हा नाही, ती सगळ्यांनाच वाटते. ती घरात बोलून दाखवा. नवऱ्याला, लेकीला, शेजारणीला, कुणाला तरी. आणि तुमच्या ओळखीची कुणी "माझ्या एका मैत्रिणीला" असं म्हणून काही विचारायला आली, तर उत्तर देण्याआधी जरा तिचा हात हातात घ्या आणि मैत्रिणीचं नाव विचारा.